तीन नंबर गाळून

खोकल्याचे औषध पिताना तुम्ही तोंड वेडेवाकडे करता ना, मित्रांनो? ते तुमच्या चमच्यात येण्याआधी माझ्या पोटातून गेलेले असते. मी एक जुने गाळणयंत्र आहे. लालबागमधल्या औषधांच्या एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षे उभे आहे. इथे सगळे मला प्रेस म्हणतात.

माझे काम सरळ आहे. पाकाचा रंग काढायला त्यात कोळशाची बारीक पूड घालतात आणि मग तो पाक माझ्या लोखंडी ताटांमधून दाबाने ढकलतात. ताटांवर जाड कापड असते. कोळसा कापडावर अडतो, पाक स्वच्छ होऊन टाकीत पडतो. मी नवे होते तेव्हा दसऱ्याला माझ्यापुढे पेढे ठेवायचे. आता कापड फाटले तरी "पुढच्या आठवड्यात बदलू" एवढेच ऐकायला मिळते.

मी गाळलेले खरेच स्वच्छ आहे का, हे बकुळाबाई तपासायच्या. प्रभादेवीहून चालत यायच्या. प्रत्येक टाकीतला पेलाभर पाक पांढऱ्या कागदातून गाळायच्या आणि तो कागद खिडकीशी धरून बघायच्या. सुईच्या टोकाएवढा ठिपकाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मला त्यांचा धाक होता, आणि खरे सांगायचे तर अभिमानही होता.

मागच्या श्रावणात, तिसऱ्या टाकीच्या वेळी माझे कापड फाटले. बकुळाबाईंच्या कागदावर काळे ठिपके उमटले. त्यांनी तो कागद सुपरवायझर यशोधनसाहेबांपुढे धरला.

"साहेब, ह्यो बघा. तीन नंबर भरू नका हा!"

"हो हो, लिहून देतो. जा तुम्ही घरी."

साहेबांच्या कानाला फोन होता. एका हाताने त्यांनी चिठ्ठी खरडली, 'तीन नंबर टाकी गाळून माल भरायला घ्या.' त्यांना म्हणायचे होते, ती टाकी वगळा. मशीनवरच्या शिवाने वाचले, ती टाकी गाळा. त्याने तीच टाकी पुन्हा माझ्यातून फिरवली, त्याच फाटक्या कापडातून, आणि सगळ्या बाटल्या भरून टाकल्या. मला तेव्हा ओरडता आले असते तर!

पंधरा दिवसांत दुकानांतून बाटल्या परत आल्या. तळाशी काळी पूड बसली होती. मालक हितेंद्रशेठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कोणी पास केलं हे?"

"बकुळाबाईंनी," यशोधनसाहेब म्हणाले. "वय झालं शेठ. डोळे गेलेत त्यांचे."

शिवाकडून परत घेतलेली चिठ्ठी आणि ठिपक्यांचा कागद त्यांनी सकाळीच माझ्यामागच्या मोरीत फाडून टाकला होता. मी पाहिले होते.

"मी सांगितलं होतं साहेबांना!" बकुळाबाई पुढे येऊन म्हणाल्या. "शिवा, तू बोल ना रे!"

शिवा माझे बोल्ट आवळत राहिला. ते आधीच घट्ट होते.

बकुळाबाईंना कामावरून काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते. त्यांना माझ्यासमोरच्या टेबलावर लेबले चिकटवायला बसवले. येता-जाता जो तो त्यांच्यापुढे बोटे नाचवी. "बाई, किती?" सगळे खिदळत, शिवासुद्धा. सुरुवातीला त्या कडाडायच्या. पुढे पुढे डोळे बारीक करून खरेच मोजू लागल्या.

गेल्या मंगळवारी माझे कापड पुन्हा फाटले. लेबल लावताना बकुळाबाईंनी एक बाटली उजेडात धरली आणि त्यांचा हात थांबला. आत काळे ठिपके तरंगत होते. त्यांनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पाहिले, पुन्हा पुसले.

"माझेच डोळे मेले," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी लेबल चिकटवले.

मित्रांनो, बकुळाबाईंचे डोळे ठणठणीत आहेत. एवढे त्यांना कोणीतरी जाऊन सांगा, मला तोंड नाही. आणि आज घरी औषध घ्याल तेव्हा आधी बाटली उजेडात धरून नीट बघा. तो माल बुधवारीच दुकानांत गेला आहे.