समुद्रातली टाचणी

भिंतीवरच्या जगाच्या नकाशातून तिने एक हिरवी टाचणी उपटली, डबीत टाकली आणि देशाचं नाव मोठ्याने सांगितलं. खुर्चीत बसलेल्या इंजिनिअरने ते संगणकात भरलं. सकाळपासून हेच चाललं होतं. उद्या हा नकाशा अडगळीत जाणार होता आणि त्याच्या जागी मोठा पडदा लागणार होता. कुठल्या देशाने धूर कमी करायचं काय वचन दिलं, त्यातलं किती पाळलं, ते त्यावर आपोआप दिसणार होतं. आणि तीही आजच निवृत्त होत होती.

इतकी वर्षं ते तिने टाचण्यांनी दाखवलं. नुसतं वचन असेल तर पांढरी. वचन पाळलं आणि ते बाहेरच्या कुणी तपासून सांगितलं, तरच हिरवी. घरच्यांची साक्ष चालत नसे. भल्याभल्या देशांनी बोलाची कढी वाढून पाहिली, पण बाई बधली नाही. ऑफिसात तिला पाठीमागे ‘थर्मामीटर’ म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“मॅडम, ही भर समुद्रात कुठला देश?”

नकाशाच्या तळाशी, निळ्या पाण्यात, एक पांढरी टाचणी उरली होती. तिला हसू आलं.

“तो देश नाही. आमचे हे.”

नवरा याच खोलीत, समोरच्या टेबलावर आकडेमोड करायचा. लग्नानंतर त्याने सिगारेट सोडायचं कबूल केलं, तेव्हा तिने ती टाचणी टोचली होती. जगाला शहाणपण शिकवता, आधी स्वतःचा धूर बघा, म्हणाली होती. घरात त्याने कधी ओढली नाही, तेवढं पाळलं. पण दुपारी चहाच्या सुट्टीत तो जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचा आणि ती मागोमाग जाऊन त्याला रंगेहाथ पकडायची. आधी रागवायची. मग बोलता बोलता गाडी मुलांवर जायची, सिनेमावर जायची, कधी नुसतीच रस्त्याने जाणाऱ्या माणसांची टिंगल. घरी सासू-सासरे, नणंदा, मुलांचा गोंधळ. दोघांना धड बोलायला जागा कुठली. काय दुपारी होत्या त्या. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि तिचा चहा टेबलावरच येऊ लागला.

आज सकाळी ती निघताना तो म्हणाला होता,

“माझ्या टाचणीचं काय करणार?”

“सोडलीत?”

“सोडली.”

“तुमच्या शब्दावर हिरवी होत नाही.”

तो हसला होता, पण चेहरा उतरला होता. तो उतरलेला चेहरा सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती टाचणी हिरवी करायची तिला फार इच्छा होती. पण आजवर कुणासाठी मोडला नाही तो नियम आज नवऱ्यासाठी कसा मोडायचा?

“आलेच,” ती इंजिनिअरला म्हणाली आणि खाली उतरली.

टपरीवाला तोच होता, फक्त केस पिकले होते.

“आमचे हे अजून येतात का हो इथे?”

“येतात की अधूनमधून. गप्पा मारायला.”

“आणि सिगारेट?”

त्याचा बरणी पुसणारा हात थांबला.

“बाई, आता तुम्हीपण रिटायर होताय म्हणून सांगतो. साहेबांनी सिगारेट केव्हाच सोडली. तुमचा थोरला झाला ना, तेव्हाच.”

“काहीतरीच. मी रोज पकडायचे त्यांना.”

“ती माझी असायची. तुम्ही फाटकात दिसलात की म्हणायचे, आली, दे इकडे. तुम्ही वळलात की परत माझ्या हातात. निम्मी फुकट जळायची माझी.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मीपण विचारलं होतं. म्हणाले, सोडली म्हटलं तर ती खाली कशाला येईल?”

न केलेलं काम केलं म्हणून सांगणारे देश तिने ढिगाने पाहिले होते. केलेलं काम लपवणारा एकही नाही. तिला रडू आलं, आणि टपरीवाल्यासमोर नको म्हणून ती रस्त्याकडे बघत राहिली.

वर आल्यावर तिने घरी फोन लावला.

“टाचणी पांढरीच ठेवतेय,” ती म्हणाली. “चहाच्या सुट्टीला टपरीवर या. मला तुम्हाला पकडायचंय.”



“बोलला वाटतं तो,” नवरा म्हणाला. “मग आता कशाला पांढरी?”

“या तर खरे.”

तिने फोन ठेवला. समुद्रातली टाचणी उपटली, पण डबीत टाकली नाही, पदराला टोचली.

“मॅडम, हिचं काय भरू?” इंजिनिअरने विचारलं.

“काही भरू नकोस,” ती म्हणाली. “ते काम अजून चालू आहे.”