जिताड्याचं सूप

डब्याचं झाकण उचललं तेव्हा आतल्या बाजूचे थेंब एकमेकांत मिसळून कडेकडे ओघळत होते. म्हणजे सूप अजून गरम होतं. शेजारच्या शूचिनने समाधानाने झाकण परत लावलं.

"जिताडा?" पलंगावरून बीयुने विचारलं.

"जिताडाच."

"अगं, आता माझ्या अंगाला खवले फुटतील!"

तैवानमधल्या ताइनान शहराच्या त्या गल्लीत कुणाचं ऑपरेशन झालं की जखम भरून यावी म्हणून सगळे जिताड्याचं सूप आणत, आणि आणलेलं नाकारायची सोय नव्हती. बीयुच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोनेक महिने झाले होते. फ्रीज उघडला की माशांची डोकी रांगेने बघत.

तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, तियेनफूचं, खाली नाश्त्याचं दुकान होतं. दारावर तेव्हापासून पाटी होती, 'उद्या उघडू'. तरी तियेनफू रोज रात्री सोयाबीन भिजत घाली, पहाटे यंत्रावर दळी आणि दूध काढून सूप आणणाऱ्यांचे रिकामे डबे भरून परत करी. गल्ली खूश होती. यंत्राच्या घरघरीने बीयुची झोप मात्र पार उडाली होती. आणि दिवसभर तिची उठबस करणाऱ्या तियेनफूला झोप अशी नव्हतीच.

"मला नाही गं आता तव्यासमोर उभं राहवणार," बीयु मागेच शूचिनला म्हणाली होती. "पण त्याला सांगू नकोस. खचेल."

"तिला नाही जमायचं, कळतंय मला," तियेनफूने शूचिनला जिन्यात गाठून सांगितलं होतं. "पण तिला बोलू नका. खचेल."

दोघांची गुपितं पोटात ठेवून शूचिनलाच अपचन झालं होतं.

तियेनफू दुधाचा जग घेऊन वर आला. डोळे खोल गेलेले, शर्टाची बटणं वरखाली. शूचिनने सूप वाडग्यात ओतलं, चांगला पोटाकडचा तुकडा घातला आणि वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय? मला कुठे जखम आहे?"

शूचिनने चमचा त्याच्या हातात दिला. तियेनफूने बीयुकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? गप पी, म्हाताऱ्या."

तो प्यायला. काटे एकेक करून बशीच्या कडेला ठेवत गेला. वाडगा रिकामा झाला तरी त्याने तो हातातून सोडला नाही.

"आज सोयाबीन भिजत घालत नाही," तो म्हणाला. मग घसा खाकरून, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "दुकान कायमचं बंद करू या, बीयु."