वेणूबाईंच्या नावावरच्या दोन बॅगा

पनवेलजवळच्या कोन गावच्या वेणूबाई मस्कतला निघाल्यात हे गावात ज्याला माहीत नव्हतं, तो माणूस एक तर ठार बहिरा असणार, नाही तर तुरुंगात. बाईंनी ही बातमी कोळणीला सांगितली, गुरवाला सांगितली, पनवेलच्या साडीच्या दुकानात तर कोणी न विचारताच सांगितली. "लेक नेतोय! आमाला सोरून त्याला करमाचा नाय," असं म्हणताना बाई अशा फुलायच्या, की ऐकणाऱ्याला पुढचंही ऐकायला थांबावंच लागायचं.

खरं तर परेशला मस्कतला नोकरी लागली तेव्हा "आई, तुला तिथलं ऊन सोसणार नाही" असंच ठरलं होतं. बाईंनीही मनाची समजूत घातली होती. आणि निघायला थोडेच दिवस उरले असताना परेश म्हणाला, "आई, तूही चल. तिकीट काढतोय तुझं." पासपोर्ट बाईंनी हौसेने कधीच काढून ठेवला होता. त्या दिवशी त्या देवापुढे बसून रडल्या. हे मात्र त्यांनी गावात कोणाला सांगितलं नाही.

माशी शिंकली ती निघायच्या आदल्या दुपारी. सून भाविका बॅगा भरताभरता तिच्या बहिणीशी, मोनालीशी, बोलत होती. दोन्ही हात मिक्सर गुंडाळण्यात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर. वेणूबाई तिच्यासाठी चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या.

"एवढं सामान? जादा वजनाचे केवढे पैसे घेतात, माहितेय ना?" मोनाली विचारत होती.

"अगं, म्हणून तर आईंचं तिकीट काढलं! ते पैसे भरण्यापेक्षा माणूस नेलेला स्वस्त पडतो. त्यांच्या नावावर दोन बॅगा जातात. आठवडाभर राहतील नि येतील परत."

बाई चहासकट दारातूनच मागे फिरल्या. म्हणजे आपण हमाल! बरं, हमालाला मजुरी तरी मिळते. दुसरी कोणी असती तर तिथेच भांडी आपटली असती. वेणूबाई पडल्या मिठागरवाल्यांच्या सून, त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पण लेकाला आई नको होती, आईच्या नावावरचं वजन हवं होतं, हे त्यांना काही केल्या गिळवेना.

संध्याकाळी त्या आपल्या साड्या घेऊन आल्या, तर भाविका म्हणाली, "आई, बॅगा गच्च झाल्यात. तुमचं हातातल्या पिशवीत घ्या ना." लेकासाठी मुद्दाम करून घेतलेला मसालाही टेबलावरच राहिला, कारण तिथे म्हणे सगळं मिळतं. 'मग मिक्सर काय अंडी घालायला नेतेस?' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. गुळणी होती म्हणून सून वाचली.

दुसऱ्या दिवशी पुतण्या निकेशने तिघांना गाडीने विमानतळावर सोडलं. एरवी रस्त्यावरची कुठली बिल्डिंग कोणाच्या शेतात उभी आहे ते सांगणाऱ्या बाई वाटभर गप्प होत्या.

"काकी, भ्यालीस काय?"

"तू पुढं बघून चालव."

आत काउंटरवरच्या मुलीने बॅगा वजनाला लावल्या. वजन बरोब्बर बसलं. भाविकाचा जीव भांड्यात पडला. मग त्या मुलीने सगळ्यांना विचारतात ते विचारलं. "आजी, या बॅगा तुम्हीच भरल्यात ना? कोणी काही न्यायला दिलेलं नाही ना?"

आता वेणूबाई खोटं बोलत नाहीत असं नाही. चांगलं बोलतात. पण गणवेश दिसला की त्यांची जीभ सरळ होते, आणि त्यात कालपासून सगळं दाबून धरलेलं.

"मी नाय भरल्या," त्या खणखणीत म्हणाल्या. "यांनी दिल्या न्यायला. आत काय हाय, मला नाय ठावं."

"आई!" परेश पांढराफटक पडला. रांग दोन पावलं मागे सरली. लगोलग पोलीस आला, बॅगा बाजूला नेऊन उघडल्या. मिक्सर निघाला, कुकर निघाला, लग्नातला डिनर सेट निघाला, भाविकाच्या चपला तर निघतच राहिल्या. रांगेची फुकटात करमणूक झाली.

मुलीने कसंबसं हसू दाबलं. "आजी, मग यातलं तुमचं काय आहे?"

वेणूबाईंनी त्या पसाऱ्याकडे पाहिलं. मग घाम पुसत उभ्या असलेल्या परेशकडे बोट केलं.

"ह्यो. येवराच माजा. बाकी सगला तिचा."

एवढं बोलल्या आणि इतका वेळ कडक असलेला त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यांना पदर लावावा लागला.

"काल ऐकलंत तुम्ही?" भाविकाने हळूच विचारलं.

"कान हायत मला."

भाविका लालबुंद झाली. ती खाली बसली, मिक्सर आणि डिनर सेट बाहेर काढला आणि त्या जागी सासूच्या साड्या ठेवल्या. "चुकलं गं आई," परेश म्हणाला. "परतीची तारीख बदलतो. तुला वाटेल तेव्हा परत ये."

"आठवड्यात धाडलंस तर बघ," बाई नाक ओढत म्हणाल्या.

काढलेलं सामान बाहेर अजून थांबलेल्या निकेशकडे द्यायला परेश दाराशी गेला, बाईही त्याच्या मागोमाग गेल्या. निकेशने मिक्सर एका हाताने उचललेला पाहून दारावरच्या जवानाच्या खांद्यावरून त्या ओरडल्या.

"अरं, नीट धर मिक्सर! पुढल्या खेपेला मीच आणनार हाय तो!"