बुर्जीवाल्यांची यशोधरा

अठराशे किती साली कोण जाणे, दरबारात बुद्धिबळाच्या किताबासाठी दोन कारकुनांची झुंज लागली. शेवटच्या डावापर्यंत दोघे बरोबरीत. यशोधराच्या खापरपणजोबांनी तो डाव जिंकल्यात जमा होता, पण हाव सुटली! समोरच्याने मुद्दाम पुढे केलेला शेवटचा मोहरा त्यांनी मारला. देशी नियमात राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. आणि बरोबरीत किताब जुन्या मानकऱ्याकडेच राहतो. राहिला! तो मानकरी म्हणजे आजच्या अप्पासाहेबांचे खापरपणजोबा.

तेव्हापासून किताबाचा चांदीचा वजीर अप्पासाहेबांच्या घराण्यात, आणि यशोधराच्या घराण्याला नाव पडलं ‘बुर्जीवाले’. मुंज असो, साखरपुडा असो, अप्पासाहेब ती गोष्ट सांगणार आणि मेले लोक हसणार. तिच्या बाबांच्या तेराव्यालाही त्यांनी सांगितली, भर पंगतीत. यशोधरा तेव्हा हातात वरणाचं भांडं घेऊन उभी होती. या म्हाताऱ्याला त्याच पटावर लोळवायचं, असं तिने तिथेच ठरवलं.

सांवेर रोडच्या कारखान्यातून आली की ती देशी डाव मांडून बसायची. यंदा गणेशोत्सवात, बडा गणपतीजवळच्या हॉलमध्ये, तिने सगळ्यांदेखत वजीर पणाला लावायला सांगितलं. अप्पासाहेबांना नाही म्हणता येईना.

पहिला डाव तिने मारला, दुसरा त्यांनी. तिसऱ्या, शेवटच्या डावात त्यांच्याकडे राजा आणि एक घोडा एवढंच उरलं. तेव्हा अप्पासाहेबांनी हसत हसत घोडा उचलला आणि सरळ तिच्या हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवला.

“घे ना बेटा, शरमाना कैसा! तुमच्या घरची रीतच आहे.”

हॉल खिदळला. यशोधराचं डोकं असं भडकलं, की घोडाच काय, म्हाताऱ्याच्या अंगावरचं उपरणंसुद्धा ओढून घ्यावं! हात हत्तीपर्यंत गेला. अप्पासाहेबांचे डोळे लकाकले. ते तिने पाहिलं आणि हत्तीला शिवायच्या आत हात मागे घेतला.

मग तिने एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

“शह. आणि मात, अप्पासाहेब. प्याद्याने.”

देशी डावात याहून मोठी नाचक्की नाही. अप्पासाहेबांनी वजीर पुढे केला. कुणीतरी म्हणालं, “जाने दो भिया, वय झालंय त्यांचं.” यशोधराला काडीची दया आली नाही.

वजीर पर्समध्ये टाकून ती वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “अप्पासाहेब, तुमच्या तेराव्याला ही गोष्ट मी सांगणार.”