भुवईतला माझा केस

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो, आणि मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुकर्दलकाकांनी मला घरीच बनवलं. दांडा बांबूचा, केस खारीच्या शेपटीचे. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नाही. जावातल्या आमच्या गावात ते सायकलरिक्षांच्या पत्र्यांवर वाघ आणि ज्वालामुखी रंगवायचे. मग माणसांचे चेहरे काढू लागले, अगदी हुबेहूब. त्या कौतुकात निम्मा वाटा माझा, असं मी धरून चाललो होतो.

पुढे त्यांच्या मुलीनं, सेकारनं, सुराबायाहून एक विलायती कुंचला आणला. लाल दांडा, सोनेरी कडी. काका त्याला मऊ कापडानं पुसत आणि मला रॉकेलच्या डब्यात उभं करून विसरत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्याचे काही संपेनात.

सेकारचं लग्न झालं. ती नवऱ्याबरोबर समुद्रापार कालिमांतानला जाणार होती. आईजवळ तिचा चेहरा राहावा म्हणून काकांनी नवरीच्या वेषातलं तिचं चित्र काढलं. अर्थात त्या लाल दांडेवाल्याकडून.

शेजारच्या तुमिनीमावशी बघून म्हणाल्या, "पांगलिंग! ओळखूच येत नाही हो पोर."

आमच्याकडे नटलेल्या नवरीची याहून मोठी स्तुती नाही. मावशी मनापासूनच बोलल्या. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"मलाही येत नाही ओळखू," सेकारची आई, लास्मीकाकू, हळूच म्हणाल्या. "अहो, हिच्याशी मी रोज काय बोलू?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू.

सेकार लहानपणी पेरूच्या झाडावरून पडली होती. तिच्या उजव्या भुवईत त्याचा व्रण होता. लग्नाच्या रंगरंगोटीत तो झाकला गेला, आणि काकांनी आपलं दिसलं तेच रंगवलं. आता त्यांनी मला डब्यातून काढलं आणि माझ्या विस्कटलेल्या टोकानं तो व्रण उमटवला. तेवढ्यात माझा एक केस तुटून ओल्या रंगात अडकला. तो काढायला काकांनी बोट पुढे केलं, तर काकूंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तिची भुवई अशीच आहे, विस्कटलेली."

सेकार गेली. काकू रोज सकाळी त्या चित्राला विचारतात, "जेवलीस का गं?"

आम्ही दोघे कुंचले हल्ली एकाच पेल्यात असतो. मित्रांनो, नवा जरूर आणा, पण जुन्यालाही धुऊन-पुसून ठेवा. माझे केस आता थोडेच उरलेत. लाल दांडेवाल्याचे सगळे जागच्या जागी आहेत, पण त्या भुवईत त्याचा एकही नाही.