चार बोटं कमी

मी एक जुनी मोजकाठी आहे. मित्रांनो, तुमच्या पट्टीसारखी मी दप्तरात मावत नाही. मी चांगली आठ फूट उंच आहे. मध्ये एक दिवस मात्र नव्हते, आणि तीच माझी गोष्ट आहे.

मोठ्या शहरातल्या एका चौकात ताई दर डिसेंबरला नाताळची झाडं विकते. मीही मुळात तसंच एक झाड, कोणी न घेतलेलं. ताईच्या नवऱ्याने माझ्या फांद्या उतरवल्या, साल काढली आणि तापलेल्या सळईने दर फुटावर रेघ ओढली. तळाला लाल पट्टा रंगवला. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

झाडाचा भाव उंचीवर ठरतो आणि उंची मी सांगते. समोरच्या कोपऱ्यावर टोपीवाल्याच्या घरचा हाच धंदा आहे. तो शेंडा ताणून मोजतो, असं लोक म्हणत. आमच्याकडे काठी लावली की वाद संपला. मला त्याचा थोडा गर्वही होता.

तोडलेल्या झाडाच्या तळावर चीक सुकतो आणि मग ते नीट पाणी ओढत नाही. म्हणून झाड देण्याआधी तळाची चकती कापून टाकायची, ही आमच्या घरची रीत. ते काम ताईच्या भावाचं. त्याला सगळे मामाच म्हणतात. यंदा नाताळाच्या तीन दिवस आधी दुपारी ही गर्दी झाली. घाईत कोणीतरी मला पाण्याच्या टबात, झाडांच्या मध्येच उभं केलं. मामाने जाळीत गुंडाळलेली सहा झाडं कवेत घेतली, त्यांत मीही आले. त्याने आम्हाला आडवं टाकलं आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ओळीने सगळ्यांचे तळ कापले. माझा तळ ओला, काळपट. पांढरं लाकूड दिसेपर्यंत त्याने कापला. चार बोटं गेली!

मी ओरडले असते, पण काठीला तोंड कुठे असतं? त्यानंतर पावणेसात फुटांच्या प्रत्येक झाडाला मी सात फूट म्हणत होते आणि माणसं विश्वासाने मान डोलावत होती.

दुसऱ्या दिवशी एक सुतार खांद्यावर झाड घेऊन परत आला.

"बाई, तुमचे सात फूट माझ्या घरी पावणेसात कसे होतात?"

"शेंडा वाकला असेल," ताई म्हणाली. "ही काठी माझ्या नवऱ्याने केलीय. ती खोटं सांगत नाही."

"काठी नाही सांगत. धरणारा हात सांगतो."

समोरून टोपीवाला ओरडला, "काय वहिनी! आम्ही तर बदनामच आहोत, पण तुम्ही पण?"

रांगेतल्या दोघांनी हातातली झाडं खाली ठेवली आणि ते निघून गेले. ताईची लेक पोलादी टेप घेऊन धावत आली. तिने गुडघे टेकून माझा तळ बघितला. लाल पट्टा नव्हता. ताईलाही ते दिसलं. माझ्याभोवतीची तिची मूठ आवळली.

"आत्ता नको बोलूस," ती पुटपुटली. "रांग मोडेल."

"आई, बाबांची काठी मोडलीय. तू रांगेचं काय बघतेस?"

ताईने एक श्वास घेतला आणि मला उंच धरलं. "माप चुकलंय. कालपासून सात फुटी म्हणून दिलेलं झाड पावणेसात आहे. मुद्दाम नाही झालं, पण झालंय."

"मुद्दाम नाही, हे कशावरून?" सुताराने विचारलं.

मामा चकत्यांच्या ढिगाकडे धावला. शेकडो चकत्या! तो दोन्ही हातांनी उपसू लागला, लेकही उपसू लागली, रांगेतले दोघे वाकले. तेवढा तुकडा कोणी शेकोटीला नेला असता तर आमच्या खरेपणाला पुरावाच उरला नसता. मी आयुष्यभर उंची मोजली. त्या वेळी पहिल्यांदा क्षण मोजले.

"सापडला!" मामाच्या हातात लाल पट्ट्याचा तुकडा होता. "ताई, मीच गं! झाड समजून कापली. वरचा शेंडा बघितलाच नाही मी."

सुताराने तुकडा माझ्या तळाला लावला. लाकडाच्या रेषा बरोबर जुळल्या.

"लबाडीच करायची असती," तो हळूच म्हणाला, "तर निदान नवा पट्टा तरी रंगवला असता." मग त्याने पिशवीतून हत्यारं काढली आणि खुंटी मारून, सरस लावून मला पुन्हा आठ फूट केलं.

ताईने पाटी लावली: 'कालपासून झाड नेलेल्यांनी परत यावं. माप चुकलं आहे.' संध्याकाळपर्यंत लोक खांद्यावर झाडं घेऊन येत राहिले. काही जण भांडले. बरेच जण नुसते माझा जोड बघून हसले आणि तेच झाड परत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाला आला. टोपी हातात, काखेत त्याची काठी.

"वहिनी, जरा ही तुमच्या काठीला लावून बघू का? वडिलांच्या वेळची आहे. कधी मोजलीच नाही."

आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. त्याची काठी दोन बोटं कमी भरली. कोणीही हसलं नाही. लेकीने निमूटपणे सळई तापवायला ठेवली.

मित्रांनो, माझा जोड अजून हाताला लागतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्याच्या मापावर तुमचा भरवसा आहे, त्याला कधीतरी उलटं करून त्याचा तळही बघत जा. आणि एवढी विनंती ऐका: काम झालं की मला कोरड्या भिंतीशी उभं करा, झाडांच्या टबात नको. मामाचा हात अजून तेवढाच चालतो.