सरांच्या नावावर

विनताला गेम बनवायचे होते. जबलपुरात ते शिकवणारं म्हणून जे खासगी विद्यापीठ तिला मिळालं, ते पनागरच्या रस्त्यावर होतं. बाहेरून नुसता काचेचा झगमगाट, आणि आत शिकवायला कोण, तर रत्नाकर सर! माणूस वाईट नव्हता हो, पण गेममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आज व्हिडिओ पाहायचा आणि उद्या तोच वर्गात ओकायचा. मध्ये कुठं गाडी अडली की सर म्हणायचे, "विनता, जरा बघ बरं." मग ती त्यांच्या खुर्चीत बसायची, आणि सर मागं उभे राहून वहीत उतरवून घ्यायचे.

तिचे वडील मुरलीधर संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फिटर होते. परमुलखात पोरीला आपला मराठी मास्तर भेटला, याचंच त्यांना केवढं अप्रूप! बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तर शिकवणाऱ्याला वर बसवायचं, एवढं त्यांचं साधं गणित होतं.

शेवटच्या वर्षी विनतानं एक गेम बनवला. सदर बाजाराच्या गल्लीतून ऑटो काढायची, आणि रस्त्यात गाई. कुठली गाय कधी उठेल, कुठं वळेल, भाजीची गाडी दिसल्यावर काय करेल, हे सगळं तिनं स्वतः लिहिलं. ऐन भरात गाय आडवी बसली की खेळणारा हसून हसून बेजार व्हायचा.

आता हा कोड ठेवायचा कुठं? विभागाचं एकच ऑनलाइन खातं होतं, आणि ते सरांच्या नावाचं. त्यातून काही चढवलं की प्रत्येक बदलापुढं सरांचंच नाव लागायचं. विनताला स्वतःचं खातं उघडायला फुकट आणि सोपं होतं. पण सर म्हणाले की सगळं एका जागी राहू दे. तिनं घरी येऊन विचारलं.

"फॅक्टरीत माल काय माह्या नावानं बाहेर जाते?" मुरलीधर म्हणाले. "सही साहेबाची रायते. पण कोणी बनवला हे साहेबाले ठाऊक रायते. काहून उगाच सरांच्या मनात किंतू आणायचा?"

तिनं कोड सरांच्याच खात्यावर चढवला. बापाची उभी जिंदगी तशीच गेली होती, आणि साहेबांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. शिवाय सरांपाशी आपलं नाव मागायचं, याची तिची तिलाच लाज वाटली.

पुढं गेम बनवणारी पुण्याची एक कंपनी विद्यापीठात मुलाखती घ्यायला आली. त्यांना एकच प्रोग्रामर हवा होता. ही नोकरी लागली तर विनता गेम बनवणार, नाही तर रिछाईच्या कारखान्यात बिलं टाइप करायची जागा काकांनी शोधून ठेवलीच होती. मधला रस्ता नव्हता.

मुलाखत घेणारा गाई पाहून खदखदून हसला. विनता हिंदीतून भराभर समजावत सुटली, आणि सर बाजूच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते. मग त्या माणसानं कोडाचा इतिहास उघडला. वरपासून खालपर्यंत एकच नाव. त्यानं सरांकडं वळून विचारलं, "सर, ये सब आपने लिखा है?"

एक शब्द बोलायचा होता. एकच! विनतानं सरांकडं पाहिलं. सरांनी चष्मा पुसला.

"टीम थी," ते म्हणाले. "बच्चों ने काफी मदद की."

सरांना खोटं पाडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

नोकरी सरांना लागली. आता बोला!

पुण्याला निघण्याआधी सर पेढे घेऊन घरी आले. मुरलीधरांनी त्यांना जयभीम केला, खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितलं. विनता आतून बाहेर येईना, तेव्हा सर म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पुढच्या वर्षी बघू, मी आहेच तिकडं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि स्कूटर काढली.

सर गेल्यावर मुरलीधर आत आले. राग आवरत नव्हता त्यांना.

"पाया पडायचं सोड, दारापर्यंत तरी यायचं होतं. त्यायनं शिकवलं तुले."

"नाही बाबा. म्याच त्यायले शिकवलं. गाईंचा सगळा कोड माहा होता. ते तिथं बसून होते अन् बोलले नाही."

मुरलीधर तिच्यासमोर खाटेवर टेकले. तिला वाटलं, आता कळलं ह्यांना. आता हे उठतील, सरांच्या दारात जाऊन उभे राहतील.

"नोकरी नाही लागली म्हणून मास्तरावर आळ घेऊन राहिली?" ते म्हणाले. "हेच शिकली का तू तिथं?"

आणि त्यांनी पेढ्यांचा डबा उचलला, शेजारी वाटायला.